चेन स्लोवरही फिरते: एका २५ सीसी चेनसॉच्या कार्बोरेटरचं प्रकरण

करवत २५ सीसीची, बार (चेन ज्या पट्टीवरून फिरते ती) १२ इंची, हँडल वरच्या बाजूला. झाडावर चढून एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताने हिला चालवायचं, या चुकीच्या पण सर्रास चालणाऱ्या पद्धतीसाठी कोकणात हीच खपते. चिनी बनावटीची. आयात करणारा बदलला की स्टिकर बदलतो, आतला माल तोच. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही दोन वादळं झाल्यापासून आमच्या भागात वाडीवाडीत चेनसॉ आली. आंबे, फणस आडवे झाले होते आणि कुऱ्हाडीने किती तोडणार? त्यातल्या बऱ्याच करवती आता दुरुस्तीच्या वयाला आल्या आहेत.

ही राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदार काकांची. जुन्या हापूस झाडांच्या मधल्या फांद्या काढून आत ऊन घ्यायचं काम चालू होतं. करवत दुकानात आली, कारण गड्याने ती घेऊन झाडावर चढायला साफ नकार दिला. "रेस न देता, नुसत्या स्लोवर पण चेन फिरते हो. ही घेऊन मी वर नाय जाणार." काकांचं मत वेगळं होतं. "तो भितो उगाच. तू जरा स्क्रू पिळून दे, दोन मिनिटांचं काम आहे." पिशवीत ऑनलाइन मागवलेला नवा कार्बोरेटरही (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) होता. "नाहीच जमलं तर हा बसव."

गड्याचं बरोबर होतं. चेनसॉचा क्लच सेंट्रिफ्युगल असतो. इंजिन मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि चेन चालू लागते. स्लो नीट लावलेला असेल तर इंजिन तीन हजारांच्या आसपास गुरगुरतं आणि चेन जागची हलत नाही. प्लगच्या वायरला टॅकोमीटरची (फेऱ्या मोजणाऱ्या मीटरची) वायर गुंडाळून बघितलं. गार असताना आकडा ३,२०० च्या आसपास. दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर आकडा वरखाली होत ४,३०० पर्यंत जायला लागला आणि चेन रेंगाळत फिरू लागली. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येईना, वरच लटकून मग उतरे. रेस दिली की आधी अडखळायचं, मग किंचाळायचं. लाकडात घातलं की काही सेकंदांत बसायचं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इंजिन तापतं म्हणून गेल्या हंगामापासून ते लिटरला ६० मिली टू-टी ऑइल टाकत होते. "जास्त तेल म्हणजे जास्त थंडावा." हा समज फार पसरलेला आहे. या यंत्राच्या पुस्तिकेत २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. जास्त तेल टाकलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, आणि कार्बोरेटरला पेट्रोल आणि तेल यातला फरक कळत नाही. छिद्रातून जेवढं जातं तेवढं जातं. म्हणजे इंजिन किंचित लीनच (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, वर सायलेन्सरमध्ये काजळी. काकांच्या ६० मिलीने पेट्रोल दोन टक्क्यांनी घटलं असेल. फार नाही, पण दिशा उलटी.

स्क्रूला हात लावण्याआधी

छोट्या चेनसॉच्या कार्बोरेटरला सहसा तीन स्क्रू असतात. एल म्हणजे स्लो आणि पिकअपचं पेट्रोल. एच म्हणजे पूर्ण रेसचं पेट्रोल. तिसरा टी, काहींवर एलए लिहिलेलं असतं; तो पेट्रोलशी संबंधित नाही, बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, किती उघडी राहील एवढंच ठरवतो. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, इथे नसतो, कारण करवत आडवी, उलटी कशीही धरली जाते. फ्लोटच्या जागी रबरी पडदा आहे, त्याला आम्ही डायफ्राम म्हणतो. एका बाजूला मीटरिंग डायफ्राम, जो इंजिनाच्या ओढीने हलून छोटी सुई उघडतो-मिटतो. दुसऱ्या बाजूला पंप डायफ्राम. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, दाब पिस्टनबरोबर वरखाली होतो, तो एका बारीक भोकातून या पंपापर्यंत पोचतो आणि पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. हे भोक लक्षात ठेवा, पुढे तेच मुख्य पात्र आहे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आलं की स्क्रू ड्रायव्हर उचलायची सवय आहे, आणि माझ्या मते निम्म्या करवती त्यानेच बिघडतात. स्क्रू फिरवला की पुरावा गेला. आधी मोजायचं. एल आणि एच हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने आत न्यायचे, किती फेऱ्यांत टेकतात ते लिहून ठेवायचं. टेकल्यावर जोर लावायचा नाही. सुईच्या टोकाला खाच पडली की तो कार्बोरेटर पुन्हा कधी नीट लागत नाही. या करवतीच्या स्क्रूचं डोकं इंग्रजी डी आकाराचं, साधा ड्रायव्हर लागत नाही. काकांच्या मुलाने बॉलपेनची नळी तापवून त्यावर दाबून हत्यार केलं होतं. चालतं ते, एकदोनदा.

एल निघाला अडीच फेरे बाहेर. एच पावणेतीन. पुस्तिकेप्रमाणे दोन्ही सव्वा फेऱ्यावर हवे होते.

ही वस्तुस्थिती मला सगळ्या आवाजांपेक्षा जास्त सांगून गेली. कोणीतरी इंजिन लीन आहे हे ओळखून पेट्रोल वाढवत नेलं होतं, आणि एवढं वाढवूनही ते लीनच वागत होतं. ढोबळ मानाने माझा हिशेब असा. नुसता एल खूप बाहेर असेल तर कुठूनतरी फुकटची हवा शिरते आहे, कारण स्लोवर इंजिन हवा इतकी कमी घेतं की बारीकशा गळतीचा वाटाही मोठा होतो. नुसता एच बाहेर असेल तर पेट्रोल पुरत नाही: टाकीतला फिल्टर, नळी, टाकीचा व्हेंट, कार्बोरेटरमधली जाळी. दोन्ही बाहेर असतील तर मीटरिंगमध्येच, म्हणजे पेट्रोल मोजून सोडण्यातच घोळ, किंवा वरचे दोन्ही दोष एकत्र.

इथे एक शंका घ्यायलाच हवी होती. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. करवत घेतली तेव्हा इथेनॉल कमी होतं. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटर मात्र पूर्वीएवढंच इंधन सोडतो, म्हणून त्याच स्क्रूवर इंजिन शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे आठ टक्के लीन होतं. दुसरं, करवत कोल्हापुरात घेतलेली, तिथेच दुकानदाराने लावून दिलेली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर. तिथली हवा विरळ. तीच करवत घाट उतरून खाली आणली की हवा पाचेक टक्के दाट मिळते. म्हणजे आणखी लीन. दोन्ही मिळून फार तर तेरा टक्के धरू.

तेरा टक्क्यांसाठी स्क्रू किती उघडावा लागेल? फार तर पाव फेरा. इथे सव्वा ते दीड फेरा जास्त होता. आजकाल लहान इंजिनाची कुठलीही तक्रार असो, "पेट्रोलच तसं येतंय" म्हणून सोडून द्यायची पद्धत पडली आहे. पेट्रोलचा दोष आहेच, पण तो पाव फेऱ्याचा. उरलेल्या फेऱ्याचं उत्तर यंत्रातच शोधायला हवं होतं.

नवा कार्बोरेटर बसवून बघण्याचा मोह काकांना होता. पाचसातशे रुपयांत येतो, अनेक दुकानांत तोच इलाज. पण या नकली कार्बोरेटरमध्ये आतल्या, सुई उचलणाऱ्या लिव्हरची उंची कशीही लावलेली येते, आणि हवा दुसरीकडून शिरत असेल तर नवाही तसाच नाचतो. तो पिशवीतच ठेवायला सांगितला.

बीपी मशीन

आधी साधं बघून घेतलं. एअर फिल्टर तेलकट धुळीने भरलेला. साबणाच्या पाण्यात धुतला. टाकीतला फिल्टर ठीक. पेट्रोलची नळी टोकाला चिकट आणि मऊ पडलेली, बदलली. प्लगचं टोक पांढुरकं, इतका रिच (पेट्रोल जास्त सोडणारा) स्क्रू असूनही. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहिला. एका बाजूला उभे बारीक ओरखडे, बोटाला जेमतेम लागतील असे. लीन चालण्याची ही पावती. थोडं आणखी चाललं असतं तर पिस्टन चावला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला असता.

मग गळती. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधे या करवतीत काळ्या प्लास्टिकचा जाड ठोकळा असतो, इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून. त्याच्या दोन्ही अंगांना कागदी पॅकिंग. दाब वाहून नेणारं ते बारीक भोक या ठोकळ्यातून आणि पॅकिंगमधूनच जातं.

काहीजण चालू इंजिनावर क्लीनरचा फवारा मारून आवाज बदलतो का बघतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना ते मला पटत नाही. माझ्याकडे डायलचं जुनं बीपी मशीन आहे, कापडी पट्टा फाटलेला, फुगा आणि डायल शाबूत. ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातं, म्हणजे सुमारे ०.४ बार. एवढ्या लहान क्रँककेसला तेवढा दाब पुरे. प्लग घट्ट लावला. सायलेन्सर पुन्हा बसवताना त्याच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून एक्झॉस्ट बंद केला. ठोकळा जागेवरच ठेवून त्याचं मोठं तोंड तशाच रबराने आणि पट्टीने बंद केलं, आणि बारीक भोकात बीपी मशीनची नळी घट्ट बसवली. फुगा दाबत डायल २५० वर नेली.

काटा थांबलाच नाही. हात सुटताच घसरत गेला आणि काही सेकंदांत शून्याजवळ. ब्रशने साबणाचं पाणी लावलं. क्रँकशाफ्टच्या दोन्ही सीलजवळ शांत. सिलिंडरच्या बुडाशी शांत. ठोकळा आणि सिलिंडर यांच्या फटीत मात्र वरच्या कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांचा फेस उठत राहिला, नेमका त्या भोकाच्या शेजारी.

दोन बोल्टपैकी एक जवळजवळ हाताने फिरला. हादऱ्याने सैल झालेला. पॅकिंग भोकापासून कडेपर्यंत चिरलेलं. आता दोन्ही स्क्रूंचा उलगडा एकाच जागी होत होता. हवा तिथून इंजिनात शिरत होती, म्हणून एल बाहेर गेला. आणि पंप हलवणारा दाब तिथूनच निसटत होता, म्हणून पूर्ण रेसला पेट्रोल पुरेना आणि एचही बाहेर गेला. गरम झाल्यावर ठोकळा आणि धातू वेगवेगळे फुगून फट वाढत होती. स्लो मधूनच पडत असणार, म्हणून कोणीतरी टी पिळून वर नेला. त्या टीमुळे चेन फिरायला लागली आणि गडी झाडावर चढेना.

ठोकळ्याचं तोंड काचेवर झिरो पेपर ठेवून घासलं. सुरुवातीला पेपर फक्त दोन कडांना लागत होता, मध्ये खड्डा. सगळीकडे एकसारखं मळकट दिसेपर्यंत घासलं. पॅकिंगच्या कागदाचं नवं पॅकिंग कापलं. त्यात ते बारीक भोक पाडायला विसरलं की करवत दोरी कितीही ओढा, पेट्रोल ओढत नाही. ही चूक होऊन आलेल्या करवतीही पाहिल्या आहेत. सिलिकॉनचा लेप लावला नाही, पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो आणि नेमका जाळीत जाऊन बसतो. बोल्ट पुन्हा सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकचा थेंब. पुन्हा बीपी मशीन: काटा जागेवर. सील दाबाला टिकतात आणि ओढीला सोडतात असंही होतं, म्हणून ब्रेकची हवा काढायच्या हातपंपाने उलटी ओढही देऊन बघितली. तीही धरली.

कार्बोरेटर उघडलाच होता तर आतलंही पाहिलं. पंपाच्या बाजूच्या जाळीवर हिरवट चिकट थर. जुनं मिश्रण पावसाळाभर टाकीत राहिलेलं असणार. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलावाच असतो. मीटरिंग डायफ्राम अंगठ्याने दाबला तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मसारखा कडकड वाजला. चांगला डायफ्राम आवाज न करता लवतो. असा ताठ झाला की सुई वेळेवर उघडत नाही. किट दोनशे रुपयांच्या आत; डायफ्राम, सुई, पॅकिंग सगळं बदललं, लिव्हर पट्टी ठेवून पातळीला आणली.

आता स्क्रू

लावण्याआधी तीन गोष्टी: बार आणि धार लावलेली चेन बसवलेली असावी, चेनचा ताण बरोबर असावा, आणि टाकीत जे मिश्रण पुढे वापरायचं तेच असावं. बार न लावता पूर्ण रेस देऊन लावलेला एच खोटा असतो. ताज्या पेट्रोलमध्ये ४० मिलीच्या हिशेबाने तेल टाकलं. दोन्ही स्क्रू सव्वा फेऱ्यावर. इंजिन सुरू करून थोडं लाकूड कापून नीट गरम केलं.

पहिला नेहमी एल, कारण एलच्या वाटेचं पेट्रोल पूर्ण रेसलाही जात राहतं. एच आधी लावला तर नंतर एलने बिघडतो. एल हळूहळू आत नेला. आवाज चढत गेला, मग पातळ होऊन इंजिन पडायला आलं. तिथून बाहेर काढत नेला. पुन्हा चढला, आणि पुढे जड, गडगडता होऊन उतरू लागला. या दोन्हींच्या मधला सगळ्यात जलद बिंदू पकडून तिथून किंचित बाहेर, एक अष्टमांश फेरा. रेसला झटका दिला. न अडखळता उचललं. अडखळलं असतं तर आणखी थोडा बाहेर. मग टी कमी करत २,९०० वर आणला. चेन निश्चल. करवत डावीकडे, उजवीकडे, नाक खाली करून धरली. आवाज बदलला नाही. आधी प्रत्येक कुशीला वेगळा आवाज होता.

एच लावताना कान लागतो. पूर्ण रेस, लाकडाबाहेर, पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. एच रिच असेल तर आवाजात एक फुर्रफुर्र मिसळलेली असते, मेकॅनिक लोक त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, कारण प्रत्येक फेरीला स्फोट न होता मधला एखादा चुकतो. लीन असेल तर आवाज स्वच्छ, उंच आणि कानाला गोड. हा गोड आवाज पिस्टन खातो. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, थंडावाही कमी. म्हणून लाकडाबाहेर फुर्रफुर्र हवी, आणि चेन लाकडात शिरताच भाराने ती नाहीशी होऊन आवाज साफ व्हावा. लाकडातही फुर्रफुर्र राहिली तर जास्त रिच, एच थोडा आत न्यायचा, पाव फेऱ्याहूनही कमी.

सुक्या आकेशियाच्या ओंडक्यावर बघितलं. बाहेर फुर्रफुर्र, आत गेल्यावर साफ, उचलल्यावर पुन्हा फुर्रफुर्र. चेनमधून जाड कीस उडत होता. पीठ उडत असेल तर दोष कार्बोरेटरचा नसतो, कानस घ्यायची. टॅकोमीटरवर विनाभार १०,४०० आले. या वर्गातल्या यंत्रांना ११,००० च्या आसपास मर्यादा असते, खाली राहिलेलं बरं. काही करवतींच्या कॉइलमध्येच (प्लगला ठिणगी देणाऱ्या भागात) वेगाची मर्यादा असते, आणि ती लागली की ऐकू येतं ते हुबेहूब फोर-स्ट्रोकिंगसारखं. कानावर विसंबणारा तिथे एच आत नेत राहतो आणि इंजिन लीन होतं. अशा करवतीवर लाकडातला आवाज आणि प्लगचा रंग यांवरच जायचं. ही तशी नव्हती. एच बाहेर काढला की आकडा खाली येत होता.

शेवटी मोजलं: एल १ पूर्णांक ३/८, एच दीड. सव्वापेक्षा एक अष्टमांश आणि पाव फेरा जास्त, म्हणजे इथेनॉल आणि समुद्रसपाटी यांच्या हिशेबाला धरून. हे आकडे करवतीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिले, तारखेसह. पुढच्या वेळी कोणीही उघडलं तरी स्क्रू तिथून किती सरकले आहेत ते दिसेल.

काकांना बिलापेक्षा नवा कार्बोरेटर वाया गेल्याचं वाईट वाटलं. परत पाठवायची मुदत बाकी होती, तो परत पाठवायला सांगितला. पिस्टनचे ओरखडे आहेत तसेच आहेत; कॉम्प्रेशन १२० पौंड भरलं, तेवढ्यावर करवत काम करेल, पण किती हंगाम याची हमी मी दिली नाही. नवा डायफ्राम दोनचार टाक्यांनंतर मऊ बसतो आणि एल थोडा सरकू शकतो, म्हणून छाटणीचा पहिला आठवडा झाला की आणा, प्लगचा रंग बघू असं सांगितलं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, हे गड्यालाच सांगितलं, कारण करवत ठेवतो तोच. त्याने दुकानाबाहेर ती स्वतः सुरू केली, स्लोवर सोडली, खाली वाकून चेनकडे बराच वेळ बघितलं आणि काकांना म्हणाला, "आता चढतो."